यंत्र कोणाचे, खेळ कोणाचा?

१

संगणकावरचा खेळ श्रेष्ठ की कन्सोलवरचा, हा वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे. ज्यांना या गोष्टींचा परिचय नाही त्यांच्यासाठी एवढे सांगितले म्हणजे पुरे की, कन्सोल म्हणजे केवळ खेळण्यासाठीच बनवलेला, टीव्हीला जोडायचा डबा. संगणकावर हिशेब होतो, अर्ज भरता येतो, लेख लिहिता येतो आणि खेळही खेळता येतो. संगणकवाले म्हणतात, आमचे यंत्र अधिक ताकदीचे, त्यातला कोणताही भाग काढून नवा बसवता येतो, चित्र अधिक स्वच्छ दिसते. कन्सोलवाले म्हणतात, आमच्याकडे कटकट नाही. डबा जोडला की खेळ सुरू. वरवर पाहता हा चैनीच्या वस्तूंबद्दलचा वाद आहे आणि त्याच्याशी आपले काही देणेघेणे नाही, असे कोणालाही वाटेल.

मग वाङ्मयाचा आणि समाजाचा विचार करणाऱ्या नियतकालिकात या विषयाला जागा का द्यावी? माझे उत्तर असे की, आजच्या मुलाला नायक कोण, दैत्य कोण, कोणाला मारावे आणि कोणाला वाचवावे हे पुस्तकातून कळण्याआधी खेळातून कळते. कथा सांगण्याचे एवढे मोठे माध्यम आपल्या डोळ्यांदेखत उभे राहिले आणि आपल्या समीक्षेने त्याला पोरखेळ म्हणून बाजूला सारले. प्रस्थापित समीक्षेने एके काळी तमाशाला आणि जलशाला असेच बाजूला सारले होते. निदान आपण तरी ती चूक करू नये.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. या वादात वापरला जाणारा एक शब्दप्रयोग इंग्रजीत रूढ आहे. त्याचा अर्थ होतो, ‘संगणकवाल्यांचा स्वामीवंश’. २००८ साली एका इंग्रज समीक्षकाने संगणकवाल्यांच्या घमेंडीची टर उडवण्यासाठी तो वापरला. ‘स्वामीवंश’ हा शब्द नाझींच्या वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेतून आलेला, आणि उपहासाला धार यावी म्हणूनच तो निवडलेला. पण झाले भलतेच. ज्यांची टर उडवली होती त्यांनीच तो शब्द बिरुदासारखा मिरवायला सुरुवात केली. कन्सोलवाल्यांना त्या भाषेत ‘कुणबट’ म्हणावे असा शब्द आहे. हे सारे थट्टेत चालते असे सांगितले जाते. थट्टेत काय काय चालते याचा अनुभव आपल्याला कमी नाही.

ही उतरंड दोन पायऱ्यांवर थांबत नाही. संगणकवाला कन्सोलवाल्याला हसतो. दोघे मिळून मोबाइलवर खेळणाऱ्याला खेळाडूच मानत नाहीत. मोबाइलवाल्यांतही बरा फोन असलेला पबजी खेळतो आणि स्वस्त, कमी मेमरीच्या फोनवर फ्री फायर खेळणाऱ्याला हिणवतो. प्रत्येकाला आपल्या वर कोण आहे याची खंत कमी आणि खाली कोणीतरी आहे याचे समाधान अधिक. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेचे जे विश्लेषण केले ते वाचलेल्या माणसाला ही रचना ओळखू येण्यास वेळ लागत नाही. अर्थात एक भेद येथेच स्पष्ट केला पाहिजे. यंत्र विकत घेऊन बदलता येते, जन्म बदलता येत नाही. म्हणून यंत्रांची ही उतरंड म्हणजे जातिव्यवस्था नव्हे. पण उतरंडीवाचून ज्या मनाला चैन पडत नाही ते मन कोणत्याही नव्या वस्तूत जुनी पायरी कशी शोधून काढते, हे तिच्यातून दिसते.

२

आता या यंत्रांचा इतिहास थोडा पाहू, कारण बंद दार आणि उघडे दार यांचा हा इतिहास आहे.

१९८३ साली अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. वाटेल त्याने वाटेल ते खेळ काढून बाजारात ओतले होते आणि गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला होता. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८५ साली अमेरिकेत आपला कन्सोल आणला, तेव्हा तिने त्यात कुलपाची एक चकती बसवली. कॅसेटमध्ये त्या कुलपाची किल्ली असेल तरच खेळ चालायचा, आणि किल्ली कंपनीकडेच. म्हणजे त्या यंत्रासाठी खेळ करायचा तर आधी कंपनीची परवानगी, तिच्या अटी, तिचा वाटा. कन्सोलचे जग तेव्हापासून मूलतः असेच राहिले आहे. आजही कोणत्याही मोठ्या कन्सोलवर खेळ आणायचा तर नोंदणी करावी लागते, करार करावा लागतो आणि कंपनीच्या तपासणीतून पार पडावे लागते. कन्सोल हा वाडा आहे. आत सगळे नीटनेटके असते, पण देवडीवर विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

संगणकाचे तसे नाही. त्यावर कोणीही प्रोग्राम लिहावा आणि कोणीही चालवावा. हे मैदान आहे. मात्र मैदानावरही बाजार भरतो आणि बाजाराला मालक असतो. संगणकी खेळांचे जे सर्वांत मोठे दुकान आहे, त्या ‘स्टीम’वर २०१७ पासून एका खेळासाठी १०० डॉलर शुल्क भरून कोणालाही आपला खेळ ठेवता येतो, पण विक्रीतला ३० टक्के हिस्सा दुकान घेते. ज्यांची विक्री कोट्यवधी डॉलरची, त्यांच्यासाठी हा हिस्सा २०१८ पासून कमी केला आहे. मोठ्याला सवलत आणि लहानाला पूर्ण भाव, हा न्याय आपल्या आडतीच्या दुकानापेक्षा निराळा नाही. तरीही दार उघडे असणे आणि बंद असणे यांत मूलभूत फरक आहेच. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. दुसऱ्याच्या यंत्रावर विसंबणाऱ्याला आपले म्हणणे केव्हा गिळावे लागेल याचा भरवसा नसतो, हा धडा आपल्याला तेव्हाच मिळाला आहे.

आमच्या बीड जिल्ह्यात यांतले काय पोहोचले? कुलूप असलेला कन्सोल पोहोचलाच नाही. निन्टेन्डोचा १९८३ सालचा मूळ जपानी डबा, त्यात कुलूप नव्हते. त्याच्या नकला पूर्व आशियात होऊ लागल्या आणि नव्वदच्या दशकात ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी त्या भारतातल्या गावागावांत आल्या. आम्ही त्याला कन्सोल म्हणत नसू. आम्ही म्हणायचो ‘टीव्ही गेम’. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असायचे आणि आत पाच-पंचवीस खेळच उलटसुलट करून भरलेले असायचे. मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा खेळ. अस्सल वस्तू काय असते हे ठाऊकच नसल्याने ती नक्कल आहे याचेही दुःख नव्हते.

मी तेव्हा सातवी-आठवीत होतो. केजच्या बाजारगल्लीत एका घरी पैसे घेऊन टीव्ही गेम खेळायला देत. एक रुपयाला पंधरा मिनिटे. आम्ही भीमनगरातली तीन-चार पोरे रुपया-रुपया जमवून जायचो. रिमोट हातात देण्याआधी त्या घरातली बाई म्हणायची, “जा रे, आधी हात धुऊन या.” बाहेर नळ होता, तिथे धुऊन यायचो. एकदा लक्षात आले की आमच्या पुढे बसलेली वाण्याची पोरे भेळ खाऊन तशीच बसली होती. मी काही बोललो नाही. पंधरा मिनिटे चालू झाली होती. आज विचार करतो तेव्हा वाटते, कॉन्ट्रामधले ते दोन शिपाई दोन पोरांनी खांद्याला खांदा लावून खेळायचे असतात. एक मेला की दुसऱ्याचेही अवघड होते. त्या घरात त्या पडद्यावर मी आणि वाण्याचा मुलगा एकमेकांचा जीव वाचवत होतो. रिमोट खाली ठेवला की तो पडद्यापुरता बंधुभाव संपायचा.

संगणक आला तो वेगळ्या दारातून. २००० नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावी निघाले. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागायचे, म्हणून ज्या बापाने आयुष्यात पोराच्या खेळण्यावर पाच रुपये खर्च केले नाहीत त्याने कर्ज काढून फी भरली. सर बाहेर गेले की आम्ही त्या यंत्रावर पत्ते खेळायचो, सुरुंग शोधायचो, पुढे कोणीतरी आणलेल्या सीडीवरून आयजीआय आणि व्हाइस सिटी. येथे यंत्रांमधला एक सामाजिक भेद दिसतो. कन्सोल घरात घ्यायचा तर खेळासाठीच घेतो असे उघड सांगावे लागते. संगणक मात्र ‘अभ्यासासाठी’ येतो आणि खेळ त्याच्या पाठीमागून चोरपावलांनी येतो. ज्यांच्या घरात खेळ हीच चोरी मानली जाते त्यांच्यासाठी संगणक हे एकमेव शक्य यंत्र होते. सरकारचीही दृष्टी तीच. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा संगणकावर १८ टक्के आणि व्हिडिओ गेमच्या कन्सोलवर २८ टक्के कर बसवला गेला. एक काम, दुसरी चैन.

आणि वीज? परळीचे औष्णिक वीजकेंद्र आमच्याच जिल्ह्यात. तिथली राख आमच्या पिकांवर आणि वीज दूरच्या शहरांना. त्या दशकात बारा-बारा तास भारनियमन असे. संगणक चालू असताना वीज गेली की सगळे गेले. शहरातल्या खेळाडूला यंत्राचा वेग किती याची चिंता, आम्हाला वीज किती वेळ टिकेल याची. यंत्राची ताकद कागदावर कितीही असो, त्याला पाजायला वीज नसेल तर ते लोखंडच. म्हणून मोबाइल आला तेव्हा आमच्या भागाने संगणक आणि कन्सोल हे दोन्ही टप्पे ओलांडून त्याला जवळ केले. त्याची बॅटरी हेच त्याचे मोठेपण होते.

३

यंत्र बदलले की खेळ बदलतो. ही गोष्ट समीक्षकाने नीट समजून घेतली पाहिजे. आशय आणि रूप यांचा संबंध आपण कवितेत शोधतो, तोच येथे आहे.

माउस हाताच्या पंज्याने सरकतो, म्हणून संगणकावर अचूक नेम धरण्याचे खेळ वाढले. कळफलकावर शंभरेक कळा असतात, म्हणून राज्य चालवण्याचे, फौजा हलवण्याचे, एकाच वेळी पन्नास हुकूम देण्याचे खेळ संगणकाच्याच अंगणात जन्मले. कन्सोलच्या रिमोटवर दहा-बारा बटणे आणि अंगठ्याखाली जॉयस्टिक. तिथे धावणे, उड्या मारणे, हाणामारी, मोटारी पळवणे हे खेळ बहरले. एक जण टेबलाशी एकटा बसतो, दुसरा खाटेवर चार जणांत बसतो. फोनवर तर दोन अंगठे आणि वीतभर काच. त्यावर अर्धा पडदा बोटांनीच झाकला जातो. म्हणून तिथले खेळ तुकड्या-तुकड्यांत, पाच-वीस मिनिटांत संपणारे. मधल्या सुटीत खेळता येतील, गाडीची वाट पाहताना खेळता येतील असे.

दुसरा भेद स्थिर यंत्र आणि अस्थिर यंत्र यांचा. कन्सोलचा प्रत्येक डबा सारखा असतो. खेळ करणाऱ्याला ठाऊक असते की आपली कृती नेमक्या याच यंत्रावर दिसणार आहे, आणि तो त्या यंत्राचा कण न कण वापरू शकतो. संगणक मात्र घरागणिक वेगळा. एकाकडे लाखाचा, एकाकडे दहा वर्षांपूर्वीचा. म्हणून संगणकी खेळात चित्राचा दर्जा कमीजास्त करण्याची सोय ठेवावी लागते. सावल्या बंद करा, गवत बंद करा, पाण्यातले प्रतिबिंब बंद करा. गरीब यंत्रावर तोच खेळ चालतो, पण त्यातले जग उजाड दिसते. एकाच कथेच्या या दोन आवृत्त्या असतात. एकाला सेकंदाला १२० चित्रे दिसतात, दुसऱ्याला २५. दोघेही म्हणतात, आम्ही तोच खेळ खेळलो.

आपल्या परंपरेत याला समांतर गोष्ट आहे. आंबेडकरी जलशाला रंगमंदिर लागत नव्हते. गॅसबत्ती, ढोलकी आणि मोकळी जागा एवढ्यावर तो उभा राहायचा, आणि म्हणूनच त्याचे रूप तसे घडले: सवालजबाब, खडा आवाज, शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारी लय. साधन कमी होते म्हणून कला कमी झाली नाही. कमी साधनाने तिला विशिष्ट रूप दिले. तेव्हा फोनवरच्या खेळाला ‘खरा खेळ नव्हे’ म्हणून हिणवणारी अभिरुची आपण तपासून पाहिली पाहिजे. उणीव यंत्रात आहे की त्या यंत्रासाठी खेळ रचणाऱ्यांच्या कल्पनेत, हा प्रश्न आहे. आज फोनवर जे मिळते त्यातले पुष्कळसे मुलांचा वेळ आणि आईबापाचे पैसे उपसण्यासाठीच रचलेले असते. हा दोष दोन अंगठ्यांच्या मर्यादेचा नाही, तो विक्रीच्या हिशेबाचा आहे. कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांनी २०१६ साली मुलींच्या विक्रीच्या व्यापारावर ‘मिसिंग’ हा खेळ फोनसाठीच आणला, यावरून त्या वीतभर काचेवर गंभीर आशयही मावतो हे सिद्ध होते.

४

आता एका मराठी मुलखातल्या खेळाकडे वळू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ २०२० साली आणला. भारतातून निघालेल्या संगणकी-कन्सोली खेळांत जगभर चर्चा झालेला हा बहुधा पहिलाच. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. त्यानंतरही ही मंडळी टिकून राहिली, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. खेळ ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आला, आणि संगणक व इतर कन्सोलवर ऑक्टोबरमध्ये. म्हणजे पुण्यात बनलेला खेळ पहिल्यांदा अशा यंत्रावर आला की जे भारतात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते. पुण्याच्या मुलाला पुण्याचा खेळ पाहायला दोन महिने थांबावे लागले. बीडच्या मुलाचा तर प्रश्नच नाही. दाराचा मालक जिथे, पहिला प्रेक्षक तिथे.

खेळाची कथा अशी. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही कसरतीचे खेळ करणारी भटकी मुले. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर हल्ला करतात आणि मुलांना पळवून नेतात. राजीला दुर्गेचा त्रिशूळ मिळतो, पुढे विष्णूचे धनुष्य मिळते, आणि ती भावाला सोडवायला निघते. दुर्गा आणि विष्णू यांचा संवाद हेच खेळाचे निवेदन. असुरांच्या राजाचे नाव महाबलासुर.

चित्रे देखणी आहेत, यात शंका नाही. कॅमेरा खेळाडूच्या हाती नाही. तो खेळच ठरवतो. त्यामुळे कुठल्या कोनातून किती दिसावे हे आधीच ठरवता येते आणि कमी ताकदीच्या यंत्रावरही मोठमोठ्या महालांचा भास उभा राहतो. यंत्राच्या मर्यादेतून रूप कसे घडते याचे हे चांगले उदाहरण आहे. पण नजर जशी बांधलेली, तसाच विचारही बांधलेला, असे मला वाटते.

राजी कोण? दोरीवर चालणारी, कोलांट्या मारणारी, खांबावर चढणारी मुलगी. आपल्या भाषेत सांगायचे तर डोंबाऱ्याची पोर. आपण ही पोर बाजाराच्या दिवशी पाहिली आहे. ‘उपरा’, ‘उचल्या’, ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनांतून भटक्या-विमुक्तांचे जगणे मराठीत आले तेव्हा आपल्याला कळले की त्या जगाला पाल आहे, पोलीस आहे, जातपंचायत आहे, भूक आहे. खेळात यांतले काहीही नाही. भिंतीवरून धावणे, खांबावरून गिरकी घेऊन मारणे हे राजीचे सारे कौशल्य तिच्या जातीच्या श्रमातून आलेले आहे, खेळाडूला प्रत्यक्षात तेच वापरावे लागते, पण कथा मात्र सांगते की तिचे सामर्थ्य देवांच्या शस्त्रांतून आले. हात तिचे, श्रेय वरच्यांचे. कथेतले प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत दाखवले आहेत. आपल्याकडे ही कला सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर आदिवासींनी जपली. येथे तिच्यातली शोभा उचलली आहे, तिचे माणूस उचललेले नाही.

आणि महाबलासुर! महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून बळीराजाला दैत्यांच्या यादीतून बाहेर काढले. ज्यांना पुराणांनी असुर म्हटले ते या भूमीचे रयतप्रिय राजे होते, अशी त्यांची मांडणी. माझी आजी दिवाळीला दिवा ओवाळताना बळीचे राज्य मागायची. एका डोंबाऱ्याच्या पोरीला विष्णूचे धनुष्य देऊन महाबलाला मारायला पाठवणारी कथा दीडशे वर्षांनंतर पुण्यातच रचली जावी, आणि रचणाऱ्यांना त्यात काही खटकू नये, यात द्वेष आहे असे मी म्हणणार नाही. नेणीव आहे. फुले त्याच शहरात राहिले, पण त्या शहराच्या कल्पनाशक्तीत उतरले नाहीत. याआधी २००९ साली भारतात पूर्णपणे बनलेला पहिला कन्सोल-खेळ म्हणून जो गाजला तोही ‘हनुमान’च होता. बंद दारातून परदेशी गिऱ्हाइकापुढे जायचे तर ‘प्राचीन भारत’ हाच माल खपेल, असा हिशेब त्यामागे दिसतो. दार जितके अरुंद तितकी कथा ठरीव.

५

आता सुरुवातीच्या वादाकडे परत येऊ, कारण त्यात एक गोष्ट फार बोलकी आहे.

मार्च २०२० मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी : वॉरझोन’ हा खेळ आला. त्यात संगणकवाले आणि कन्सोलवाले एकाच मैदानात एकमेकांविरुद्ध लढू शकत. अंगठ्याने नेम धरणारा माउसवाल्यापुढे टिकणार नाही, म्हणून रिमोटवाल्याला यंत्र थोडी मदत करते: नेम शत्रूजवळ गेला की तो किंचित मंदावतो. यावरून जगभर भांडण पेटले. संगणकवाले म्हणाले, हा अन्याय आहे, यांना फुकटची मदत मिळते, खरी गुणवत्ता आमची. कन्सोलवाले म्हणाले, तुमचा माउस, तुमचे महागडे कार्ड, तुमचा सेकंदाला दीडशे चित्रांचा पडदा, ही मदत नाही काय?

हे भांडण वाचताना मला हसू आले आणि वाईटही वाटले. १९९० साली मंडल आयोगाची अंमलबजावणी जाहीर झाली तेव्हापासून आपण दुसरे काय ऐकत आलो आहोत? फरक इतकाच की खेळाच्या जगात निदान यंत्र दिसते. कोणाकडे कोणते यंत्र आहे हे मोजता येते आणि त्याचा परिणाम होतो हे कोणी नाकारत नाही. पबजीच्या फोन-आवृत्तीत जे कोणी तो खेळ संगणकावर चालवत, त्यांना फोनवाल्यांपासून वेगळ्या गटात टाकले जाई, दुबळ्या यंत्रावरच्या खेळाडूला न्याय मिळावा म्हणून. खेळ विकणाऱ्या कंपनीला जे समजते ते आपल्या गुणवत्तावाद्यांना समजत नाही. परीक्षेच्या मैदानात कोणाच्या घरी टेबल होते, दिवा होता, शिकलेला बाप होता, हे ‘हार्डवेअर’ कोणी मोजत नाही. निकाल लागला की फक्त गुण दिसतात आणि त्यालाच गुणवत्ता म्हणतात.

येथे एक सावधगिरी हवी. राखीव जागा म्हणजे नेमाला दिलेली मदत, असे मात्र मी म्हणत नाही. त्या प्रतिनिधित्वाच्या हक्कातून आल्या आहेत, कोणाच्या दयेतून नव्हे. ही तुलना एवढ्यापुरतीच खरी की, ज्याला आपण निव्वळ कौशल्य समजतो त्यात यंत्राचा वाटा किती असतो हे खेळ उघड करून दाखवतो.

६

प्लेस्टेशन ५ हा कन्सोल फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. त्या वेळच्या टनाला २७३ रुपये या ऊसतोडणीच्या दराने हिशेब केला तर तो १८३ टन ऊस होतो. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दीड-दोन टन तोडतात. म्हणजे तीन ते चार महिने. जवळजवळ सबंध हंगाम, आणि त्यातूनही मुकादमाची उचल फिटायची असते. २०२४ च्या जानेवारीत हा दर ३६६ रुपये झाला. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर येथून दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्यांच्या कोप्यांत मी फोन पाहिले आहेत. पडद्याला तडा गेलेला, एका ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून सहा फोन चार्ज होत असलेले. रात्री त्या उजेडात पोरे विमानातून एका बेटावर उड्या टाकत होती. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर आली. पोरे दुसरा खेळ शोधतात. मी एका मुलाला विचारले, “काय मिळतं रे तुला यात?” तो म्हणाला, “सर, इथं सगळे मोकळ्या हातानंच उतरतात.”

मी अनेक समीक्षा वाचल्या, पण त्या खेळाचे यापेक्षा अचूक वर्णन मला आढळले नाही. शंभर माणसे विमानातून उतरतात, कोणाकडेच काही नसते; जे मिळेल ते जमिनीवर उतरल्यावर. ज्याच्या बापाने जन्माआधीच उचल घेतली आहे त्या मुलाला या समतेची ओढ का वाटणार नाही? ती समता खोटी आहे, कारण वेगवान फोनवाला आधी बंदूक उचलतो, हे त्यालाही ठाऊक आहे. तरीही सुरुवात सारखी असावी ही त्याची मागणी खोटी नाही.

तेव्हा संगणक की कन्सोल, या प्रश्नाला आपले उत्तर काय? खेळणाऱ्यापुरते बोलायचे तर ज्याच्या हाती जे आले ते त्याचे यंत्र. त्यात लाजायचे कारण नाही. पण खेळ करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर आपली बाजू संगणकाची आहे. त्याच्या ताकदीसाठी नव्हे, त्याच्या दारासाठी. गोडो हे खेळ रचण्याचे साधन २०१४ पासून सर्वांना फुकट आणि मुक्त आहे, आणि जुन्या संगणकावरही चालते. लुकास पोप या एका माणसाने २०१३ साली ‘पेपर्स, प्लीज’ हा खेळ संगणकावर काढला. त्यात खेळाडू सरहद्दीवरचा कारकून होतो, कागद तपासतो, आणि आपल्या पोराबाळांचे पोट भरण्यासाठी कोणाला आत सोडायचे, कोणाला परत पाठवायचे हे ठरवतो. नोकरीतला लाचार क्षण एवढ्या थेटपणे फार कमी कादंबऱ्यांनी माझ्यापर्यंत आणला आहे. त्याला मोठे यंत्र लागले नाही.

उचल, मोळी, मुकादम, खाडा, दवाखाना, शाळेतून कटलेले नाव: यातला प्रत्येक शब्द एक नियम आहे, आणि खेळ नियमांनीच बनतो. कितीही घाम गाळला तरी हंगामाअखेर हिशेब शून्याखालीच का राहतो, हे सांगायला आत्मकथन आहे, कविता आहे. पण तो हिशेब दुसऱ्याला स्वतःच्या हातांनी करायला लावणे आणि स्वतःच्या हातांनी हरायला लावणे, हे खेळच करू शकतो. आत्मकथनांनी मराठी वाङ्मयाला जे दिले ते या माध्यमाला देण्याची वेळ आली आहे. आमच्या गावातला एमएस-सीआयटीचा वर्ग अजून चालू आहे. सर बाहेर गेले की पोरे अजूनही खेळतात. त्यांतल्या एखाद्याने खेळता खेळता, हा खेळ कोणी लिहिला आणि मला का लिहिता येऊ नये, एवढे विचारले तरी या वादाचा आपल्यापुरता निकाल लागला असे मी समजेन.